गाडीला कुठलं ॲप?

डाउवे टोल्स्मांचा त्र्याऐंशीवा वाढदिवस होता, बैठकीच्या खोलीत नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या, आणि रेन्स्केचं डोकं केक कापायच्या आधीपासूनच ठणकत होतं.

वाढदिवसाच्या या गोलावर काही इलाज नाही, असं तिचं पूर्वीपासूनचं मत. आत आलेल्याने डावीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवायचा, "वडिलांबद्दल अभिनंदन", "भावाबद्दल अभिनंदन", "आजोबांबद्दल अभिनंदन" असं ज्याचं त्याला पोचतं करायचं, मिळेल त्या खुर्चीत बसायचं आणि निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. एक कप कॉफी, गुलाबी साखरेचा थर दिलेल्या केकचा एक तुकडा, मग दुसरा कप. साडेपाचला सगळ्यांनी आपापल्या घरी, कारण सहाला जेवण असतं आणि पाहुण्याला जेवायला थांब म्हणायची इकडे पद्धत नाही. आज रेन्स्के हीटर आणि आऊक्ये आत्या यांच्यामध्ये सापडली होती. एक बाजू तिला तापून छळत होती आणि दुसरी बोलून.

टोल्स्मांचे मोठे निर्णयही याच गोलात होत. घोडा विकून बॅटरीची गाडी घ्यायची, हे इथेच ठरलं. गावातलं दुकान बंद करून नुसती गाडीच चालवायची, तेही इथेच, आणि त्यावरून हिल्के आणि रेन्स्के या सख्ख्या भावाबहिणीत दोन वर्षं अबोला होता. गाडी म्हणजे चाकांवरचं किराणा दुकान. आत दोन्ही अंगांना फळ्या, मागे पायऱ्या, पुढे घंटा. समुद्राच्या बांधाकडची खेडी घेत रेन्स्के ती रोज फिरवायची. हिल्के गोदाम आणि हिशेब सांभाळायचा आणि गाडीत फार तर वर्षातून एकदा चढायचा, तेही फोटोपुरता.

आता आयस्टरवेरच्या वृद्धाश्रमाने आणि बांधापलीकडच्या कॅम्पिंगवाल्यांनी कळवलं होतं, की नवीन वर्षापासून मालाची मागणी आदल्या दिवशी फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून नोंदवता आली तर ठीक, नाहीतर आम्ही शहरातल्या सुपरमार्केटकडून घेऊ. ही दोन गिऱ्हाइकं गेली की गाडी बसलीच. मग हिल्केच्या योर्नने फोनमध्ये उतरवून घ्यायचं मोबाइल ॲप बनवायला घेतलं, आणि रेन्स्केच्या मारितने वेब ॲप, म्हणजे पत्ता टाकला की कुठल्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडणारं. दोन्ही कच्ची तयार होती. दोन्ही पूर्ण करायला ना पैसा होता ना उसंत. धंद्यात वाटा तिघांचा: हिल्के, रेन्स्के आणि आऊक्ये आत्या. डाउवेंनी आपला वाटा गेल्या वर्षीच मुलांच्या नावावर केला होता, आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत मत होतं.

"चला, दुसरी कॉफी झाली," हिल्के म्हणाला. "बोलून टाकू. योर्न, तू सांग."

योर्न उभा राहिला. गोलात कुणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांना माना वर कराव्या लागल्या.

"मोबाइल ॲप का, तर गिऱ्हाइकाच्या खिशात आपण कायमचे बसतो," तो म्हणाला. "गाडी गावात शिरली की फोन वाजतो. नेटवर्क नसलं तरी मागणी फोनमध्ये राहते. वेब ॲप म्हणजे काय, तर एक पान. बांधाच्या पलीकडे रेंज गेली की पान पांढरं."

"पांढरं व्हायचं," मारित म्हणाली. "आता नाही होत. सकाळी एकदा उघडलं की दिवसभर लक्षात ठेवतं. आईने गुरुवारी वापरलंय. विचार तिला."

सगळ्यांनी रेन्स्केकडे पाहिलं. तिला खोटं बोलायला जमत नसे, आणि या घरात ते कुणाला आवडतही नसे.

"लक्षात ठेवलं," रेन्स्के म्हणाली. "पण श्रीमती बौमांच्या ताकाची मागणी दोनदा नोंदली गेली."

"बघा!" हिल्के म्हणाला.

"बघा काय? दोन डबे ताक जास्त गेलं, एवढंच. म्हातारी खूश झाली. आणि तुझ्या मुलाच्या ॲपने काय केलं ते सांगू का?"

तिचा आवाज चढला. चढणारच होता. गेले पंधरा दिवस ही दोन्ही पोरं तिच्या गाडीवर प्रयोग करत होती आणि निस्तरत ती होती. योर्नच्या ॲपने गिऱ्हाइकांना कळवलं होतं, गाडी तुमच्या कोपऱ्यावर दहा वाजून दहा मिनिटांनी येईल. झालं! लोक दहा वाजून आठ मिनिटांनी कोपऱ्यावर. रेन्स्के आधीच्या गल्लीत कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत ऐकत पायरीशी उभी. साडेदहाला पोचली तर कोपऱ्यावर फक्त एक कुत्रं, आणि मग दारोदार जाऊन माफी मागायची.

"इतकी वर्षं मी गाडी चालवतेय," ती म्हणाली, "मला एकदाही कुणी उशीर झाला म्हणून बोललं नव्हतं. कारण मी कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं! घंटा वाजली की यायचे. याने वेळ सांगितली आणि मला एका दिवसात बेशिस्त ठरवलं."

"तो ॲपचा दोष नाही, आत्या," योर्न म्हणाला. "तू वेळेवर पोचलीस तर..."

"गुडघा अर्धवट टाकून येऊ?"

आऊक्ये आत्या खुदकन हसली. ती डाउवेंची बहीण, पण लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणायचे.

"आणि मारित, तूही फार हसू नकोस," रेन्स्के लेकीकडे वळली. "तुझ्या पानावर मागणी नोंदवली की 'तुमची मागणी मिळाली, धन्यवाद' असं येतं. लोकांना वाटलं, माल घरी येणार. माडीवरच्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. मी खाली घंटा बडवतेय, आणि हे वर धन्यवाद वाचत बसलेत."

"ते वाक्य मी बदललं, आई."

"मी बदलायला सांगितलं तेव्हा बदललंस. तुम्ही दोघं माझ्याबरोबर एक दिवस तरी गाडीवर आलात? एक?"

योर्नने केकची रिकामी बशी न्याहाळली. मारितने खिडकीबाहेर पाहिलं. दोघांपैकी कुणी आलं नव्हतं, हे रेन्स्केला ठाऊक होतं, तरी विचारल्याशिवाय राहवेना.

"करूनच बघा ना इथे," डाउवे म्हणाले. उत्सवमूर्ती असल्याने त्यांना हातांच्या खुर्चीत बसवलं होतं. "आऊक्येच्या फोनवर. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल."

"माझा फोन चांगला आहे," आत्या फणकाऱ्याने म्हणाली आणि पर्समधून तो बाहेर काढला.

योर्न तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. ॲप सापडलं, 'घ्या' वर बोट लावलं, आणि फोनने पासवर्ड मागितला.

"कसला पासवर्ड?" आत्या.

"तुमच्या खात्याचा, आत्या. फोन घेतला तेव्हा तुम्ही टाकला असेल."

"मी नाही टाकला. श्यूर्डने टाकला. फोनचं सगळं तोच बघायचा."

श्यूर्ड म्हणजे आत्याचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. योर्न जरा गडबडला, पण पोरगा जिद्दीचा.

"मग नवीन पासवर्ड मागवू. ते एक आकडा पाठवतात, तो टाकायचा. कुठल्या नंबरवर पाठवतायत... हा शेवटी सत्तावीसवाला नंबर कुणाचा?"

"श्यूर्डचा."

"तो चालू आहे?"

"योर्न," आत्या शांतपणे म्हणाली, "तुला काय वाटतं?"

कुणीतरी कप खाली ठेवला. हिल्केने डोळे मिटून घेतले.

"एक मार्ग आहे," योर्न म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हे खातं काढून टाकायचं आणि तुमच्या नावाने नवीन करायचं. पाच मिनिटं लागतील."

"म्हणजे श्यूर्डचं नाव जाणार?"

"हो, म्हणजे... तुमचं येणार."

आत्याने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "सकाळी चालू केला की तो 'नमस्कार, श्यूर्ड' म्हणतो. राहू दे तसंच. तुझ्या कोबीसाठी मी त्याला पुसणार नाही."

मग मारितने फक्त एक पत्ता पाठवला. आत्याने त्यावर बोट ठेवलं, पान उघडलं, फोनने कुणाचंही नाव विचारलं नाही. तिने चष्मा कपाळावर चढवून जाड पातीच्या लीकची जुडी, ताक आणि राय धान्याचा काळा ब्रेड मागवला, आणि वर मान करून जाहीर केलं, "माझं मत याला."

योर्न उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसला. रेन्स्केला क्षणभर त्याची कीव आली. भाचा असला तरी पोरगा मेहनती होता आणि त्याच्या ॲपमधलं गाडीचं चित्र खरोखर सुंदर होतं.

"एका फोनवरून काय ठरतं?" हिल्के म्हणाला. "कॅम्पिंगवर जर्मन येतात, तरुण येतात. त्यांच्या बायका नवऱ्यांच्या खात्यावर नसतात. माझं मत मोबाइल ॲपला. एकाला एक झालं. रेन्स्के, तू बोल."

रेन्स्केने काय बोलायचं ते आठवड्यापूर्वीच ठरवून ठेवलं होतं. तिला ताकाचे डबे आणि पांढरी पानं यातलं काही कळो न कळो, एक पक्कं कळत होतं. ज्याचं ॲप, त्याचा पुढे धंदा. मारितचं वेब ॲप आलं की मारित आली. दर शुक्रवारी उट्रेख्तहून येऊन रविवारी परत जाणारी लेक कायमची येईल, हळूहळू गाडीचं चाक हातात घेईल, आणि आपण शेजारी बसून तिला कुठलं कुत्रं चावतं ते सांगू. हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात त्याची पार मांडामांड करून झाली होती.

"बोलायच्या आधी एक विचारतो," योर्न मध्येच म्हणाला. त्याचा सूर आता बिघडला होता. "मी इथे राहतो. मारित शनिवार-रविवार येते. मंगळवारी काही बंद पडलं तर तिच्या पानाकडे बघणार कोण?"

"म्हणूनच तर वेब ॲप केलं," मारित म्हणाली.

"म्हणजे?"

"मोबाइल ॲपच्या मागे माणूस लागतो, योर्न, आणि तुलाही ते माहितीये. फोन दोन जातीचे, म्हणून सगळं दोनदा करायचं. दर वर्षी फोन बदलणार, नियम बदलणार. आपण बदललं नाही की ते ॲप काढून टाकणार. वेब ॲपचं तसं नाही. एकदा नीट केलं की भाव बदलायला आणि माल चढवायला आई एकटी पुरे. माझी गरज नाही."

"तुझी गरज का नाही?" रेन्स्केने विचारलं. "तू आहेस ना."

मारितने हातातली बशी खाली ठेवली, आणि तेवढ्यात रेन्स्केला सगळं समजलं.

"आई, मी तुला उद्या सांगणार होते. उट्रेख्तच्या हॉस्पिटलमधली जागा मला देतायत. कायमची. पेशंटच्या नोंदींचं काम, मला हवं होतं तेच. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"उद्या!" रेन्स्के म्हणाली. "आणि आज मला मत द्यायला लावत होतीस?"

"तुझं मत गाडीबद्दल हवं होतं. माझ्याबद्दल नाही."

"वा! आणि मी या दोहोंची वेगवेगळी मतं काढून बसले असेन, असं वाटलं तुला?"

डाउवेंनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजून गेले," ते म्हणाले. "बटाटे सोलायचेत."

"बाबा, बटाटे मरू देत!"

"मरू देत काय? आज माझा वाढदिवस आहे."

रेन्स्केला वाटलं, हा हीटर, हा गोल, ही माणसं सगळं खिडकीतून कालव्यात फेकून द्यावं. हिल्के मात्र खुर्चीत पुढे सरकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उत्साह दिसत होता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "मारित, समज मोबाइल ॲप ठरलं. योर्नला एकट्याला दोन्ही जातींचं जमेल?"

"नाही," मारित म्हणाली.

"जमेल," योर्न म्हणाला, आणि मग, "वेळ लागेल. नवीन वर्षापर्यंत नाही जमणार."

"आणि तू मदतीला राहिलीस तर?"

मारितने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "तुम्ही मोबाइल ॲप ठरवलंत, तर मी त्याला असं अर्धवट सोडून जाणार नाही," ती शेवटी म्हणाली. "गाडी बुडेल. मग मी उट्रेख्तला नकार कळवीन."

"ऐकलंस?" हिल्के बहिणीकडे झुकला. आवाज त्याने खाली आणला होता, पण गोलात खालचा आवाजही सगळ्यांनाच ऐकू जातो. "एक शब्द, रेन्स्के. मोबाइल म्हण. दोघंही इथे राहतील. तुझी पण आणि माझा पण."

दुकानावरून दोन वर्षं न बोललेला हा भाऊ, आज तिच्याच बाजूने बोलत होता. आणि रेन्स्केला लख्ख दिसलं, की याला ॲपशी काडीचं देणंघेणं नाही. योर्नची मैत्रीण ग्रोनिंगनला असते, तो तिकडे जायचं म्हणतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. हिल्केला असं काहीतरी हवं होतं, ज्याच्या मागे दर वर्षी माणूस लागतो. पोरगा ते सोडून जाऊ शकणार नाही, असं काहीतरी. लबाड, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं: मी तरी काय वेगळं करत होते? मी वेब म्हणणार होते ते काय श्रीमती बौमांच्या ताकासाठी?

याच गोलात, याच खोलीत, ती बावीसची असताना बाबांनी विचारलं होतं, "आता गाडी कोण चालवणार?" हिल्केने आपल्या बुटांकडे पाहिलं होतं आणि बाकी सगळ्यांनी तिच्याकडे. तेव्हा हार्लिंगनच्या जहाज कंपनीचं बोलावणं तिच्या कोटाच्या खिशात होतं. पुढे तिचा गाडीवर जीव जडला, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तुला काय हवंय, असं त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, आणि ते तिला अजून खुपत होतं.

"मारित," ती म्हणाली, "तुला ती नोकरी हवीये?"

"आई, आत्ता गाडीचं..."

"मी नोकरीचं विचारतेय. हवीये की नको? सरळ सांग."

"हवीये," मारित म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खूप."

"मग माझं मत वेब ॲपला."

हिल्केने दोन्ही हात मांडीवर आपटले. "तू वेडी आहेस! आपल्याच हाताने..."

"हो, आपल्याच हाताने. आणि तुझ्या पोराला ग्रोनिंगनला जायचंय का, ते तू त्याला घरी जाऊन विचार. इथे नको. इथे विचारलं की माणसं भलतंच उत्तर देतात."

योर्नने मान खाली घातली, पण हसला. आऊक्ये आत्याने रेन्स्केच्या गुडघ्यावर हलकेच थापटलं आणि आपली पर्स शोधायला लागली. डाउवे म्हणाले, ठरलं तर ठरलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. साडेपाच व्हायच्या आत रेन्स्के आणि मारित सोडून सगळे कोट चढवून, आजोबांच्या गालाला तीन-तीनदा गाल लावून बाहेर पडले. हिल्केने जाताना बहिणीचा निरोप घेतला नाही. पुन्हा अबोला, तिने मनात म्हटलं. आता किती वर्षं, कुणास ठाऊक.

खुर्च्या तशाच गोल राहिल्या होत्या. मारित बशा गोळा करू लागली.

"ते ठेव," रेन्स्के म्हणाली. "इकडे बस आणि मला भाव बदलायला शिकव. रायचा ब्रेड सोमवारपासून महागणारेय."

"आत्ता? आई, मी ते उद्या करून..."

"आत्ता."

मारित शेजारच्या खुर्चीत बसली. पान उघडलं. आधी इथे, मग ब्रेडचं नाव, मग पेन्सिलीचं चित्र. रेन्स्केचं जाडजूड बोट ब्रेडऐवजी बटाट्यावर पडलं. बटाट्याचा भाव पुसला गेला. ती स्वतःशीच चरफडली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पुढचं नीट दिसतही नव्हतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मारितने चूक दुरुस्त करायला पटकन हात पुढे केला.

"हात काढ," रेन्स्के म्हणाली. "मंगळवारी तू इथे नसशील."

मारितने हात मागे घेतला. रेन्स्केने चष्मा लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.